पाण्याचा दिवस रविवारी आला आणि मी पक्षी बघायला गेलो... छंद सोडू का?

माळावरचा
नमस्कार मंडळी. इथं रोज वाचतो पण लिहायलोय पहिल्यांदा, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, वय ४१, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच बघतो. घरी आई, बायको आणि सातवीतली पोरगी. बायको शाळेत शिकवते, तिला पण माझ्यासारखीच फक्त रविवारी सुट्टी. तीन वर्षांपूर्वी मित्रासोबत नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो होतो, काळवीट बघू म्हणून. तिथं त्यानं दुर्बीण हातात दिली आणि मी जो कामातून गेलो तो गेलोच. आता स्वतःची ८×४२ घेतलीय, वही ठेवतो, दर रविवारी पहाटे साडेपाचला गाडीला किक मारली की कधी हिप्परगा तलाव, कधी नान्नजचा माळ, उशीर झाला तर आपला कंबर तलाव. दहापर्यंत घरी. महिन्याचा खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि दोन चहा, बाकी काही व्यसन नाही.

कामाचं सांगायचं तर २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हापासून आमच्याकडं सगळं वरखाली चालू आहे. माल पॅक करून पडलेला, पार्टी म्हणते होल्ड करा, मग एकदम फोन येतो की कंटेनर आजच्या आज लावा. ओव्हरटाइम बंद झाला, दिवाळीला बोनस निम्मा. आठवडाभर डोकं नुसतं भणभणत असतं. तलावावर दोन तास बसलो की ते शांत होतं, एवढंच.

आता मूळ मुद्दा. आमच्या भागात पाणी पाचव्या दिवशी येतं. गेल्या आठवड्यात शनिवारी रात्री यायला पाहिजे होतं, कुठंतरी लाइन फुटली म्हणून आलं नाही, मला वाटलं आता सोमवारीच. ते आलं रविवारी सकाळी सहा दहाला. मी हिप्परग्यावर, फोन सायलेंट. समोर चाळीसेक पट्टकादंब हंस उतरलेले, डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे सुद्धा स्पष्ट दिसायलेले, मी श्वास रोखून बसलोय. नंतर फोन बघितला तर नऊ मिस्ड कॉल. घरी आलो तर गच्चीवरची टाकी भरून वाहून गेलेली, शेजारचे काका बोलून गेलेले, आणि त्या गडबडीत हौद रिकामा झाला तरी मोटर चालूच राहिली, कोरडी चालून वाइंडिंग जळालं. २,२०० रुपये. आईचा गुडघा दुखतो, ती जिना चढू शकत नाही, म्हणजे हिनं एकटीनं सगळं केलं. मी दारात उभा, गळ्यात दुर्बीण. ही एकच वाक्य बोलली, "तुम्हाला अर्ध्या किलोमीटरवरचं बदक दिसतंय, डोक्यावरची टाकी दिसंना." मी चुकून म्हणालो की बदक नव्हतं, हंस होते. तिथनं पुढं तीन दिवस अबोला.

हे असं दर रविवारी काही ना काही होतंच. छंद सोडून द्यावा का? की काही मधला मार्ग आहे? ज्यांनी नोकरी, घर आणि छंद तिन्ही सांभाळलंय त्यांनी सांगा.

हिंजवडीतला सोलापुरी
"बदक नव्हतं, हंस होते" हाहाहा. भाऊ, तुमचा पुतळा उभारला पाहिजे पार्क चौकात.

सिरियसली सांगायचं तर सोडू नका. मी पुण्यात आठ वर्षं झाली, इथं पाण्याचं टेन्शन नाही म्हणतात पण एप्रिल लागला की सोसायटीत टँकर सुरू. छंद माझा तबला होता, तो कपाटावर आहे, वाद्या सैल झाल्यात. हुतात्मा एक्सप्रेसनं शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचं आणि रविवारी शेंगाचटणीचा डबा घेऊन परत, ह्यातच वर्षं गेली. तुम्ही निदान त्याच गावात आहात.

ऑटोमॅटिक
प्रॉब्लेम सिंपल आहे, सोल्युशन पण सिंपल. हौदाला बॉलकॉक बसवा म्हणजे भरला की नळ आपोआप बंद. गच्चीच्या टाकीत आणि हौदात दोन्हीकडं फ्लोट स्विच टाका, वरची भरली की मोटर बंद, खालचा रिकामा झाला तरी मोटर बंद. कोरडी चालायचा प्रश्नच मिटला. वाइंडिंगला जेवढे गेले त्यापेक्षा कमी पैशात काम होतंय. मग बघा खुशाल बदकं.

जुळे सोलापूरची अक्का
ऑटोमॅटिक भाऊ, तुम्ही पाणी भरलंय का हो कधी? नाही म्हणजे खरंच विचारायलीय.

नळ आला म्हणजे बटण दाबलं आणि झालं असं नसतंय. पाचव्या दिवशी येणारं पाणी पहिली दहा मिनिटं गढूळ असतं, ते हौदात घेतलं तर पाच दिवस तेच वापरायचं. म्हणून नळाशी उभं राहायचं, रंग बघायचा, ती बादली झाडांना नाहीतर फरशीला. मग स्वच्छ आलं की आधी प्यायचं, फडकं लावून. घागरी, कळश्या, पिंप, फिल्टरची टाकी, स्वयंपाकघरातली पातेली सुद्धा. त्याच्या आधी ते सगळं घासून ठेवलेलं पाहिजे. हौदाच्या तळाशी गाळ बसलेला असतो, पाणी यायच्या आधी आत उतरून तो काढायचा, भरल्यावर तुरटी फिरवायची. धुणं त्याच दिवशी काढायचं कारण हात मोकळा सोडता येतो, चादरी, अभ्रे सगळं. मधेच प्रेशर कमी होतं, मग शेजारी कुणी लाइनला डायरेक्ट मोटर लावली का ते बघायला जायचं, तिथं दोन शब्द होणार. पाणी दीड-दोन तास, काम पाच तास. आणि वेळ काय ठरलेली असते का? रात्री दोनला आलं तर दोनला उठायचं, सकाळी परत शाळेत जाऊन पोरांसमोर उभं राहायचं.

त्यातलं तुमचं बॉलकॉक फक्त शेवटची दहा मिनिटं वाचवतंय. बसवा जरूर, पण त्यानं बायकोचा राग जाईल असं समजू नका.

आणि माळावरचे दादा, तुम्हाला शिव्या द्यायच्या नाहीत, पण तुमच्या पोस्टमध्ये तुमचा रविवार आहे, पक्षी आहेत, कारखाना आहे. तिचा रविवार कुठाय?

बीकॉम नापास
मी नुसता हिशोब करून बघितला. पाणी दर पाच दिवसांनी, रविवार दर सात दिवसांनी. दोन्ही एकाच दिवशी यायचे म्हणजे ३५ दिवसांतून एकदा. लाइन फुटणे, लाइट जाणे वगैरे धरून महिन्यातून एक रविवार धरू. मग वर लिहिलंय "दर रविवारी काही ना काही होतंच". उरलेले तीन रविवार भांडण कशाचं होतंय?

ऑटोमॅटिक
अक्का, माफी. आमच्याकडं आई भरते. विचार नव्हता केला.

माळावरचा
बीकॉम, तुम्ही नापास कसे झालात?

हिशोब वाचून खरंच गप्प बसलो. बाकीच्या रविवारी भांडण नसतं, नुसतं तोंड असतं. मी दहाला येतो तेव्हा नाष्टा झाकून ठेवलेला, धुणं चालू, आई टीव्हीसमोर, पोरगी कुठलं तरी प्रोजेक्ट घेऊन आईच्या मागं. मी उत्साहात सांगायला जातो की आज चक्रवाकाच्या अकरा जोड्या होत्या, तर ती "हं" म्हणते. मला वाटायचं हिला पक्ष्यांची आवड नाही.

अक्का, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला लिहिता येईना.

शेकाट्या
दुसऱ्या पक्षीवाल्याचा नमस्कार. मी पण सोलापूरचाच, कदाचित हिप्परग्याच्या बंधाऱ्यावर एकमेकांना बघितलं पण असेल.

घरच्या भानगडीत पडत नाही, माझंच घर धड नाही. पण एक प्रॅक्टिकल सांगतो. पक्षी बघायला दर वेळी लांब जायलाच पाहिजे असं आपण ठरवून ठेवलंय. फेब्रुवारीत जगभर जी परसबागेतल्या पक्ष्यांची मोजणी असते तिथं एका ठिकाणी फक्त पंधरा मिनिटं मोजलं तरी यादी चालते. मी पाणी आलं की गच्चीवर टाकीजवळ बसतो, कान नळाकडं, डोळे वर. एका पाण्यात १९ जाती झाल्यात माझ्या. घार, वेडा राघू, कोतवाल, जांभळा सूर्यपक्षी, पाकोळ्या, आणि शेजारच्या बोरीत राखी वटवट्या. शिवाय थंडीत संध्याकाळी भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे थवे डोक्यावरून जातात, कसला धूर उठावा तसे वळतात. आमचे मामा मोहोळकडं ज्वारी करतात, ते भोरड्या म्हटलं की शिव्याच देतात, हुरडा भरायला लागला की दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावी लागते त्यांना. मी मात्र तोंड उघडं टाकून बघत बसतो. पक्षी एकच, बघणारे दोन.

बाय द वे, तुमची जुनी एक कमेंट वाचली होती, नान्नजला पांढुरका भोवत्या, म्हणजे तो शिकारी पक्षी, नर दिसला म्हणून. पंखाच्या मधून काळी आडवी पट्टी होती असं लिहिलेलं. तसं असेल तर तो मोंटेगूचा भोवत्या. पांढुरक्याला फक्त टोकाला काळं पाचर मारल्यासारखं असतं, मधली पट्टी नसते. वही दुरुस्त करून घ्या.

माळावरचा
शेकाट्या साहेब, वही काढून बघितली, पट्टी लिहिलीय. मोंटेगूच. तीन महिने चुकीचं मिरवत होतो.

मसाला डोसा
मला कळंना की ह्यात छंद सोडायचा प्रश्न आलाच कुठून. बाप्ये लोक दोनच गोष्टी करतात, एकतर पूर्ण करायचं नाहीतर "जा, सोडला, घे" म्हणून हुतात्मा व्हायचं. तुम्ही दुर्बीण कपाटात टाकली तर ती रोज ते कपाट उघडणार आणि रोज तिला वाटणार की माझ्यामुळं. कशाला नवीन कर्ज चढवताय तिच्या डोक्यावर? सकाळी जा की निवांत. दहाला आल्यावर काय करता ते सांगा आधी.

माळावरचा
दहाला आल्यावर नाष्टा करतो आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या साइटवर, यादी टाकतो. लिहितानाच लाज वाटायलीय.

बरं, काल रात्री एक झालं. पोरगी झोपल्यावर सरळ विचारलं हिला, तुला रविवारी काय करावं वाटतं. आधी म्हणाली काही नाही, झोपावं वाटतं. मग बऱ्याच वेळानं उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, ती पेटी मी दोनदा घर बदलताना उचललीय, आत काय आहे कधी बघितलं नव्हतं. आत कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम. हिचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कन्नड, आजीनं शिकवलेलं. गडद कापडावर मोजून मोजून घातलेलं गोपूर, रथ, तुळशी वृंदावन, हत्ती. एक इरकल साडीचा पदर निम्मा भरलेला आणि सुई तशीच टोचलेली. गंजून कापडाला डाग पडलाय.

मी म्हणालो मग करायची की, कोण नको म्हणालंय. तर म्हणाली, "कोण नको म्हणत नाही हो. धागे मोजायला उजेड लागतो, आणि उजेड असतोय तेव्हा मी मोकळी नसते. जाताना एक टाका आड जायचं, येताना मोकळे टाके भरत त्याच वाटेनं परत यायचं. मध्येच कुणी हाक मारली आणि उठले की परतीची वाट चुकते, मग सगळं उसवा."

चौदा वर्षं मी घरात आहे, मला ही गोष्ट माहीत नव्हती. आणि तिला मी घरबसल्या भोवत्याचे दोन प्रकार सांगायलोय.

जुळे सोलापूरची अक्का
अय्यो, कसुती! गवंती म्हणतात त्या टाक्याला, जाऊन परत यायचं तो. आमच्या सासूबाई करायच्या, गाठ मारायची नाही कुठंच, सुलट बाजू आणि उलट बाजू सारखीच दिसली पाहिजे. हल्ली मशीनवर छापल्यासारखं करून कसुती म्हणून विकतात, त्यात मागं नुसता दोऱ्यांचा गुंता.

दादा, आता एक काम करा. तिला "कर की" म्हणू नका. वेळ मोकळा करून द्या आणि बाजूला व्हा.

हिंजवडीतला सोलापुरी
मी हे वाचून तबला खाली काढलाय. वाजवला नाही अजून, पुसला. खालच्या मजल्यावरचे लोक कसे आहेत माहीत नाही.

मसाला डोसा
पुसला तरी बास की हो, पुढच्या आठवड्यात वाद्या आवळा.

माळावरचा
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, मधे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. नंदीध्वज बघायला म्हणून आलेले, आठ दिवस राहिले. त्या आठवड्यात ना पक्षी ना कसुती, दोघंही सारखेच बुडालो.

ठरवलं ते असं. रविवारी पाणी असेल तर मी जात नाही, विषय संपला. नसेल तर जातो पण नऊला घरात. नऊ ते अकरा धुणं आणि स्वयंपाक माझ्याकडं, भाकरी सोडून, कारण पहिल्या रविवारी मी केलेली भाकरी बघून आई म्हणाली ही कडक भाकरी नव्हे, कौल आहे. अकरा ते तीन ही पूर्वेकडच्या खिडकीत बसते आणि तिला कुणी हाक मारायची नाही. पोरगीला एका दिवसात जमलं. आईला जड जायलंय. "अगं मीठ कुठं ठेवलंयस" म्हणून दोनदा हाक मारली, मीठ समोर. मी मधे पडलो तर मलाच ऐकवलं की आमच्या वेळी असलं नव्हतं. अजून चालूच आहे ते, मिटलंय असं म्हणणार नाही. परवा मात्र आई स्वतःच खिडकीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली वृंदावनाला पायऱ्या कमी घातल्यास. हिनं मोजलं तर खरंच कमी होत्या.

दोन फ्लोट स्विच बसवले, ऑटोमॅटिक भाऊ धन्यवाद. आणि रात्री अपरात्री पाणी आलं तर एकाआड एक, एकदा ती उठणार एकदा मी. पहिल्याच पाळीला मी झोपून राहिलो, ती पण मुद्दाम उठली नाही. निम्मा हौद. पाच दिवस पाहुण्यासारखं पाणी वापरलं सगळ्यांनी. आता मी अलार्म लावत नाही, वॉल्व उघडणाऱ्या माणसाची सायकल ओळखायला शिकलोय, साखळीचा आवाज येतो तिच्या.

कारखान्याचं अजून तसंच आहे. पण एक गंमत झाली. आमच्याकडं जकार्डचं, म्हणजे टॉवेलात विणायच्या नक्षीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढायचे, आता कॉम्प्युटरवर करतात तरी डिझाइनवाल्या मामांकडं जुन्या कागदाची थप्पी शिल्लक आहे. मी चार ताव मागून आणले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणालो घरी कसुती चालू आहे. ते पद्मशाली, विणकर समाजातले, चाळीस वर्षं मागावर काढलेली, म्हणाले आमचं आणि त्याचं गणित एकच, फक्त आमच्याकडं मशीन मोजतं. मग डबा खायचा सोडून मला अर्धा तास ताणा-बाणा समजावत बसले.

तर ते कागद बघून ही म्हणाली तुमचा एखादा पक्षी द्या, सोपा. मी वारकरी दिला. शेकाट्याला माहीत असेल, पूर्ण काळा आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव वारकरी, हिप्परग्यावर थंडीत शेकड्यानं असतात. चौकटी मोजून दोघांनी मिळून काढला, चोचीवरून वाद झाला, मी म्हणालो एक घर आखूड पाहिजे, ती म्हणाली एका घरात चोच बसत नाही, तुमच्या पक्ष्याला सांगा. रविवारी भरून झाला.

आई म्हणाली कोंबडी छान आलीय.

शेकाट्या
वारकऱ्याला कोंबडी म्हणणं तसं फार चुकीचं नाही, पाणकोंबडीच्याच कुळातला आहे. आजींची नजर पक्की आहे.

पुढच्या रविवारी नान्नजला येताय का? माळावर माळटिटव्या आणि धाविक दिसलेत. माळढोक काय आता नशिबातच असला तर, पण गवत बघून तरी येऊ.

बीकॉम नापास
थांबा. पुढचा रविवार पाण्याचा आहे का ते आधी मोजा.

जुळे सोलापूरची अक्का
वारकऱ्याचा फोटो टाका की दादा. आणि दोन टाका, एक उलट बाजूचा. समोरून सगळ्यांचंच बरं दिसतं.

माळावरचा
उलट बाजूचा पण टाकतो, तिला विचारून. उद्या पण, आत्ता सायकल वाजली. रात्रीचे ११:४०, पाळी माझी.